यीस्टने साखर खाल्ल्यावर फळात उरतं काय?

माझी पहिली आंब्याची बिअर आंब्यासारखी लागत नव्हती. आंबे खाऊन झाल्यावर कोयी आणि साली ताटात तासभर पडून राहिल्या की ताटाला जो वास येतो ना, तशी लागत होती. डेट्रॉइटजवळच्या देशी दुकानातून आणलेले केशर पल्पचे चार डबे, त्यांचे पैसे, महिनाभराची वाट, आणि शेवटी हे. नवऱ्याने एक घोट घेतला आणि म्हणाला, "वेगळी आहे." आमच्या घरात याचा अर्थ काय होतो ते सांगायला नको.

चूक पल्पची नव्हती. कृतीतही थोडीच होती, तिच्याकडे येतेच. मोठी चूक अपेक्षेची होती. लस्सीत आंबा घातला की आंब्याची चव उतरते, तशीच ती बिअरमध्ये उतरेल असं मी धरून चालले होते. पण लस्सीत तुमच्याआधी आंबा खायला कुणी बसलेलं नसतं. बिअरमध्ये बसलेलं असतं.

पुढे जाण्याआधी कायद्याचं उरकून घेते. अमेरिकेत घरी पिण्यापुरती बिअर करायला केंद्र सरकारने १९७८ मध्ये मोकळीक दिली. त्या कायद्यावर राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांची सही आहे. एका सज्ञान माणसाला वर्षाला १०० गॅलन, घरात दोन किंवा जास्त सज्ञान असतील तर २००, आणि विकायची नाही. राज्यांचे कायदे वेगळे असल्यामुळे अलाबामा आणि मिसिसिपीत यासाठी २०१३ उजाडावं लागलं. महाराष्ट्रात मात्र १९४९ चा दारूबंदी कायदा आहे आणि परवान्याशिवाय घरी बिअर करणं हा गुन्हा आहे. तिथे कागदोपत्री पिण्यालासुद्धा परवाना लागतो, तर करण्याचं काय घेऊन बसलात. तेव्हा तिकडच्या मंडळींनी हे वाचावं आणि मायक्रोब्रुअरीत बसून समोरच्या ग्लासाबद्दल चार शब्द जास्त बोलावेत, एवढंच.

आता मुळात बिअर कशी होते ते पाहू. बार्लीला मोड आणून ती वाळवली, थोडी भाजली की माल्ट होतं. बाळासाठी नाचणीचं सत्त्व करताना आपण मोड आणतो, त्यामागेही हेच रसायन असतं: मोड येताना दाण्यात पिष्ट फोडणारी एन्झाइम्स तयार होतात. भरडलेलं माल्ट ६५ ते ६७ अंश सेल्सिअसच्या पाण्यात तासभर ठेवलं की त्या पिष्टाची साखर होते. ते गोड पाणी गाळून, हॉप्सच्या कडू फुलांबरोबर तासभर उकळून, गार करून त्यात यीस्ट सोडायचं. दुधाला विरजण लावावं तसं. यीस्ट साखर खातं आणि अल्कोहोल व कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतं. पहिले तीन-चार दिवस तुफान फसफसतं, मग शांत होत जातं.

इथे एक बारकावा आहे आणि सगळी गोष्ट त्यावर उभी आहे. माल्टमधून निघालेली सगळीच साखर यीस्टला पचत नाही. काही साखळ्या लांबलचक असतात, त्या तशाच मागे राहतात. म्हणून बिअरला अंग असतं, ती पाण्यासारखी पातळ लागत नाही. फळातली साखर मात्र ग्लुकोज, फ्रुक्टोज आणि सुक्रोज, म्हणजे यीस्टच्या दृष्टीने तयार पान. बसायचं आणि जेवायचं. त्यातलं शेवटचं शीतसुद्धा ते शिल्लक ठेवत नाही.

म्हणजे फळ घातल्याने बिअर गोड होत नाही. उलट, फळातून जो गोडवा आपल्याला "फळाची चव" वाटतो, तोच नेमका निघून जातो. मागे राहतं आम्ल, वास, रंग आणि सालीचा, बियांचा तुरटपणा. फळ निवडताना म्हणून एकच प्रश्न विचारायचा: यातली साखर काढून घेतली तर हे फळ ओळखू येईल का?

बिअर चढेल का, हा मित्रमंडळींचा लाडका प्रश्न. "फळं घातलीस म्हणजे स्ट्राँग असणार!" त्याचा हिशोब कागदावर मांडून पाहू. आपल्याकडे १९ लिटर बिअर आहे, अल्कोहोल ५ टक्के. म्हणजे ९५० मिलिलिटर शुद्ध अल्कोहोल. त्यात ४ किलो आंबट चेरी घातल्या, बिया काढून. आंबट चेरीत साखर साधारण साडेआठ टक्के, म्हणजे ३४० ग्रॅम. साखरेच्या वजनाच्या निम्म्याच्या आसपास अल्कोहोल होतं, ते भरतं सुमारे २२० मिलिलिटर. एकूण झालं ११७० मिलिलिटर. वाढलं की! पण चेरीबरोबर जवळजवळ साडेतीन लिटर पाणीही आलं, ते विसरायचं नाही. आता ११७० मिलिलिटर अल्कोहोल साडेबावीस लिटरमध्ये आहे: ५.२ टक्के. चार किलो चेरी घालून पाव टक्क्याचीसुद्धा वाढ नाही.

रासबेरीची गंमत आणखी पुढची. तिच्यात साखर साडेचार टक्क्यांच्याही आतच. ४ किलोतून पावणेदोनशे ग्रॅम साखर मिळते, पाणी तेवढंच येतं, आणि बिअर ५ वरून ४.७ टक्क्यांवर उतरते. फळ घालून बिअर सौम्य होते, हे पार्टीत सांगून पाहा. कुणी विश्वास ठेवत नाही.

तर कोणतं फळ टिकतं? ज्याचा कणा आंबटपणाचा आहे ते. रासबेरी ही सगळ्यात भरवशाची. लिटरला १०० ग्रॅम घातली तरी रंग, वास, आंबटपणा तिन्ही हजर. पॅशनफ्रूट त्याहून तिखट स्वभावाचं, लिटरला ५० ग्रॅम गरसुद्धा पुरतो. आंबट चेरी दीडशे ते दोनशे ग्रॅम. पीच आणि जर्दाळू अडीचशे घालूनही लाजत लाजत बोलतात. स्ट्रॉबेरी फसवी आहे: पहिल्या आठवड्यात सुंदर वास, गुलाबी रंग, आणि महिन्याभरात रंग उडून पेंढ्यासारखा पिवळा, वासही गेलेला. ताजी प्यायची असेल तरच तिच्या वाटेला जावं. कलिंगडाचं तर नावच काढू नका. साखर गेलेलं कलिंगड म्हणजे दुधीचा रस.

आंब्याचं दुखणं जरा खोलात बघण्यासारखं आहे, कारण मराठी माणसाच्या हातात बादली आणि यीस्ट पडलं की पहिला विचार आंब्याचाच येतो. आंब्याचा वास मोठ्या प्रमाणात टर्पीन या जातीच्या द्रव्यांचा असतो. पिकलेल्या हापूसमध्ये त्यावर लॅक्टोन आणि कॅरॅमलसारखे गोड वास चढतात, आणि साखर या सगळ्याला उचलून धरते. वास आणि गोडी आपण लहानपणापासून एकत्रच चाखत आलोय, त्यामुळे गोडी काढून घेतली की मेंदूला तो वासही अर्धवट वाटतो. उरतं टर्पीन, म्हणजे चिकाचा, सालीचा, थोडा राळेसारखा भाग. माझ्या ग्लासात आलेलं ताट ते हेच.

यावर दोन उपाय आहेत आणि दोन्ही थोडे लबाडीचे आहेत. एक, लॅक्टोज घालायचं. ही दुधातली साखर बिअरच्या यीस्टला पचत नाही, त्यामुळे थोडी गोडी मागे राहते आणि तिच्या आधाराने आंबा पुन्हा आंबा वाटायला लागतो. (दूध न पचणाऱ्या पाहुण्यांना आधी सांगा. मी एकदा सांगितलं नव्हतं.) दुसरा उपाय हॉप्सचा. आंब्यात मिळणारं मिर्सीन नावाचं टर्पीन हॉप्सच्या तेलातही भरपूर असतं. सिट्रासारखे हॉप्स शेवटच्या टप्प्यात, न उकळता घातले तर कित्येकांना त्यात सरळ आंब्याचा वास येतो. आता मी पल्पचे डबे निम्मे केलेत आणि सिट्रा वाढवलाय. आंब्याची बिअर जास्त आंब्याची लागते ती आंबा कमी करून, हे आईला सांगितलं तर तिने फक्त "बरं" म्हटलं.

ज्यांनी हे शास्त्र माहीत नसताना अचूक पकडलं, ते ब्रसेल्सच्या आसपासचे लोक. तिथली लॅम्बिक ही बिअर विकतचं यीस्ट न घालता होते. उकळलेला गोड काढा उथळ पसरट टाकीत रात्रभर उघडा ठेवतात, हवेतले आणि लाकडी पिंपांतले जंतू कामाला लागतात, आणि पिंपात वर्ष-दोन-तीन वर्षं ते चालू राहतं. मुळातच आंबट अशी ही बिअर. तिच्यात उन्हाळ्यात आंबट चेरी, बियांसकट, ओततात आणि आणखी काही महिने ठेवतात. त्याला म्हणायचं क्रीक. फ्लेमिश भाषेत हे आंबट चेरीचंच नाव. ब्रसेल्सला लागून असलेल्या स्खारबेक गावच्या चेरी यासाठी नावाजलेल्या होत्या. तिथले शेतकरी त्या गाढवांवर लादून शहराच्या बाजारात आणत, म्हणून त्या गावाला अजूनही गाढवांचं गाव म्हणतात. १९०० पासून चालू असलेल्या कांतियों या ब्रुअरीत क्रीकसाठी लिटरला साधारण २०० ग्रॅम फळ पडतं. मी वर चेरीचा जो आकडा दिला तो हवेतून काढलेला नाही.

बियांचं विशेष. चेरी, जर्दाळू, पीच यांच्या बियांतून कडू बदामासारखा वास हळूहळू बिअरमध्ये उतरतो आणि क्रीकच्या चवीचा तो एक भाग आहे. बिया अख्ख्या असतील तर ठीक, पण मिक्सरमध्ये फिरवून फोडू नका. त्या बदामी वासाबरोबर सायनाइड सोडणारं द्रव्यही बियांच्या आतल्या गरातच असतं. मी सरळ बिया काढून टाकते. त्यासाठी ऑलिव्हच्या बिया काढायचा चिमटा आहे. ४ किलो चेरींना दोन तास, आणि स्वयंपाकघर खुनाच्या जागेसारखं दिसतं.

जर्मनीत याउलट तऱ्हा. बव्हेरियात १५१६ मध्ये बिअरमध्ये बार्ली, हॉप्स आणि पाणी एवढंच घालायचं असा हुकूम निघाला आणि पुढे तो देशभर लागू झाला. फळाला दार बंद. पण बर्लिनची आंबट गव्हाची बिअर अजूनही रासबेरीचं लाल नाहीतर वूडरफ या सुगंधी वनस्पतीचं हिरवं सिरप ग्लासात घालून देतात. सिरपातली साखर यीस्टच्या हाती लागायच्या आत तुमच्या पोटात. गोड फळाची चव हवी असेल तर हा मार्ग मला सगळ्यात प्रामाणिक वाटतो.

फळ कधी घालायचं, यावर होमब्रू करणारे रात्र-रात्र वाद घालतात. उकळताना घालू नये यावर मात्र सगळ्यांचं एकमत आहे. एक तर वास वाफेबरोबर जातो. दुसरं, पेक्टिन. पेरूची जेली करताना पेरू उकळून, पाणी गाळून, साखर-लिंबू घालून आटवलं की ते थिजतं. थिजवणारं द्रव्य म्हणजे पेक्टिन, आणि उष्णतेने ते फळातून सुटून येतं. बिअरमध्ये जेली होत नाही, पण ती धुकट होते आणि गाळ खाली बसता बसत नाही. पेक्टिनेज नावाची पूड मिळते, ती पेक्टिनचे तुकडे करते. फळाबरोबर घालून ठेवावी.

यीस्ट जोरात असताना, म्हणजे पहिल्याच दिवशी फळ घातलं तर सुटणारा वायू फळाचा वास सोबत घेऊन जातो. एअरलॉकजवळ, म्हणजे वायू बाहेर सोडणाऱ्या पण हवा आत न घेणाऱ्या नळीजवळ, नाक नेलं तर खोलीभर रासबेरी दरवळत असते. छान वाटतं, पण जो वास खोलीत आहे तो ग्लासात येणार नाही. म्हणून पहिली धामधूम संपू द्यायची, सहा-सात दिवस जाऊ द्यायचे, मग फळ. तोवर बिअरमध्ये अल्कोहोल असतं, हॉप्स असतात, आम्लता वाढलेली असते, त्यामुळे फळाबरोबर येणाऱ्या उपऱ्या जंतूंनाही तग धरणं अवघड जातं. फळावर आठवडा ते दोन आठवडे पुरे. जास्त ठेवलं तर बियांचा तुरटपणा उतरत राहतो.

उपरे जंतू असतातच. द्राक्षावर पांढरट लव दिसते ती असते सालीच्या मेणाची, आणि तिच्यावर रानटी यीस्ट, दही लावणाऱ्या जंतूंचे भाऊबंद आणि व्हिनेगर करणारे जंतू सुखाने राहत असतात. लॅम्बिकवाल्यांना ते पाहुणे हवे असतात, आपल्याला नकोत. बहुतेक जण फळ आधी फ्रीजरमध्ये ठेवतात. त्याने सगळे जंतू मरतात हा गैरसमज आहे. बरेचसे थंडीत झोपून राहतात. फ्रीजरचा खरा फायदा वेगळा. फळाच्या पेशीतल्या पाण्याचा बर्फ होताना ते फुगतं, पेशींच्या भिंती फुटतात, आणि वितळल्यावर फळ आपोआप रस सोडून बसतं. भाजी बर्फात ठेवून काढली की लिबलिबीत होते, तेच. जंतूंसाठी मी गर ७० अंशांपर्यंत तापवते, दहा मिनिटं तिथे धरते, उकळू देत नाही, आणि भांडं बर्फाच्या पाण्यात ठेवते. काही जण कॅम्पडेनच्या, म्हणजे जंतू रोखणाऱ्या सल्फाइटच्या, गोळ्या घालून एक दिवस थांबतात. डबाबंद पल्प आधीच तापवलेला असतो, तो सरळ घालता येतो. फक्त डब्यावरची बारीक अक्षरं वाचा. सोडियम बेंझोएट किंवा पोटॅशियम सॉर्बेट लिहिलेलं असेल तर ते यीस्टची वाढ रोखतं. आपल्याकडची बरीचशी सरबतं आणि क्रश यामुळे बाद होतात. आणि केशरच्या त्या डब्यांत गराबरोबर साखर घातलेली असते, हे मी पहिल्या वेळी वाचलं नव्हतं. त्याचं फळ पुढे मिळालं.

इथवर आलं की घरातल्या वडीलधाऱ्यांचा प्रश्न ठरलेला. माझ्या मामांनी सावंतवाडीहून फोनवर विचारला: "गो, डोळे जायचे नाय ना तेनी?" भीती खोटी नाही. २०१५ च्या जूनमध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभराहून अधिक माणसं गेली. पण ते मिथेनॉल बाहेरून, कारखान्यातल्या रसायनातून आलेलं असतं. फळातल्या पेक्टिनपासून आंबताना मिथेनॉल होतं हे खरं, पण ते अगदी किंचित, फळांच्या साध्या रसातही थोडंफार असतंच. शिवाय मिथेनॉलवर उतारा म्हणून डॉक्टर जे वापरतात त्यात आपलं नेहमीचं अल्कोहोलही आहे, आणि ते बिअरमध्ये कितीतरी पटीने जास्त असतं. मामांना एवढं रसायन सांगितलं नाही. "हुर्राक पिता तेव्हा विचारता काय?" म्हटलं, तर हसले. काजूच्या बोंडांचा रस आंबवून पहिल्यांदा गाळला की हुर्राक, आणि पुन्हा गाळली की फेणी. तिथेही बोंडाची साखर जातेच, पण भट्टी फक्त उडणारा वास पकडते आणि आंबट-तुरट सगळं भांड्यात मागे सोडते. बिअरला ती सोय नाही. जे उरलं ते सगळं प्यायचं. घरी भट्टी लावायची मात्र नाही. ते अमेरिकेतही बेकायदेशीरच आहे.

आता अपघात.

पहिला रासबेरीचा. फर्मेंटर, म्हणजे बिअर आंबवायचं भांडं, मानेपर्यंत भरला होता, कारण दोन लिटर बिअर टाकून देणं जिवावर आलं. फळ पडलं की यीस्टला पुन्हा भूक लागते, वायू सुटतो, आणि तो वायू गराला वर उचलतो. पिठलं रटरटताना वर येतं तसा गराचा जाड थर वर तरंगायला लागतो. त्यातल्या बिया एअरलॉकच्या नळीत जाऊन बसल्या, वाट बंद झाली. पहाटे चारला आवाज झाला. झाकण कपड्यांच्या रॅकखाली मिळालं. भाड्याच्या घराच्या छतावर गुलाबी नक्षी झाली होती, ती दोन हात रंग मारूनही पावसाळी दिवसात दिसायची. तेव्हापासून फळाच्या वेळी एक पंचमांश भांडं रिकामं ठेवते, एअरलॉकच्या जागी बोटाएवढी जाड नळी लावून तिचं दुसरं टोक पाण्याच्या बरणीत सोडते, आणि फळ बारीक जाळीच्या पिशवीत घालते. तरंगणारा थर दिवसातून एकदा स्वच्छ चमच्याने खाली दाबायचा, नाहीतर वरून वाळून त्यावर बुरशी धरते. व्हिडिओ कॉलवर आईने ही बरणी पाहिली आणि विचारलं, "लोणचं घातलंस का गं?" दादरा नाही बांधला म्हणून ओरडलीसुद्धा.

दुसरा अपघात जास्त गंभीर, आणि तो त्या आंब्याच्याच बिअरचा. बाटलीत फेस यावा म्हणून भरताना मोजून साखर घालतात. १९ लिटरला साधारण सव्वाशे ग्रॅम. झाकण बंद असल्यामुळे तिचा वायू बाहेर जाऊ शकत नाही, तो बिअरमध्येच विरघळतो. हिशोब चोख आहे, पण एका अटीवर: आधीची साखर संपलेली असली पाहिजे. ती संपली का हे हायड्रोमीटर सांगतं. काचेची तरंगती नळी, साखर जास्त असेल तितकी वर उभी राहते. साध्या पाण्यात ती १.००० दाखवते. माझं वाचन १.०१६ होतं. पल्प दाट असतो, म्हणून आकडा जास्त दिसत असेल, असं मी मनाशी ठरवलं. दाट वगैरे काही नव्हतं. डब्यातली जादा साखर अजून शिल्लक होती. शेवटी ती १.०१० पर्यंत उतरायची होती. आकडा ०.००२ ने उतरला की दर वेळी बिअर तिच्या आकारमानाएवढा वायू आणखी बनवते, म्हणजे तीन पट वायू जास्तीचा. नेहमीचा अडीच पट मिळवला तर साडेपाच. शॅम्पेनच्या जाडजूड बाटलीत असतो त्याच्या जवळ जाणारा हा दाब मी साध्या बिअरच्या बाटलीत भरून कपाटात ठेवला होता, हिवाळी कोटांखाली.

बारा दिवसांनी एक फुटली. काच कोटाच्या अस्तरात घुसली होती. कपाट उघडं असतं आणि समोर कुणी उभं असतं तर काय झालं असतं, हा विचार मी अजून पूर्ण करत नाही. बाकीच्या बाटल्या ओव्हनचे जाड मोजे, गॉगल आणि अंगावर गोधडी अशा वेशात एकेक करून गार केल्या आणि हळूहळू उघडल्या. त्यातल्याच एकीतला तो "वेगळी आहे" वाला घोट.

तेव्हा फळाची बिअर भरण्याआधी तीन दिवसांच्या अंतराने दोन वाचनं घ्यायची आणि ती तंतोतंत जुळली तरच पुढे. मोजण्याआधी नमुना दोन पेल्यांत वरखाली करून वायू काढून टाकायचा. बुडबुडे हायड्रोमीटरला चिकटून त्याला वर उचलतात. फळाचे तुकडेही गाळून घ्यायचे. शंका असेल तर फ्रीजमध्ये ठेवा, आणखी एक आठवडा थांबा, काहीही करा, पण झाकण लावू नका.

मिशिगनमध्ये राहण्याचा एक फायदा म्हणजे चेरी. अमेरिकेतल्या आंबट चेरींचा मोठा वाटा याच राज्यातून येतो. जुलैत ट्रॅव्हर्स सिटीच्या बाजूला गेलं की रस्त्याकडेच्या टपऱ्यांवर मॉन्टमोरेन्सी चेरींच्या बादल्या मांडलेल्या असतात. लाल साल, आत पिवळसर गर, नुसत्या खाल्ल्या तर डोळे मिटतात. इथे त्यांचा 'पाय' नावाचा गोड पदार्थ करतात. बिअरला याहून चांगलं फळ मी पाहिलेलं नाही, कारण तिच्यातून साखर काढून घेतली तरी चेरीचं काही बिघडत नाही. ती मुळातच गोडीच्या जिवावर जगत नव्हती.

आणि हे लक्षात आल्यावर मला जे आधीच सुचायला हवं होतं ते सुचलं. कोकम. साखर नाममात्र, आंबटपणा ठासून, रंग डाळिंबासारखा. त्यातून जर्मनीत गोझं नावाची एक जुनी बिअर आहे, गोस्लार गावची, पुढे लाइपझिगमध्ये रुळलेली. गव्हाची, आंबट, आणि तिच्यात चक्क मीठ आणि धणे असतात. मीठ, धणे, आंबट. कोकणातल्या माणसाला याची ओळख करून द्यावी लागत नाही.

१९ लिटरला ३०० ग्रॅम आमसुलं घेतली. पहिल्या घाण्यात मिठाचा अंदाज चुकला, कारण आमसुलं खारवलेली होती आणि मी वर आणखी मीठ घातलं. समुद्रात पोहताना तोंडात पाणी जावं तशी झाली. दुसऱ्या वेळी आमसुलं धुऊन घेतली, मीठ अजिबात घातलं नाही, धणे भाजून जाडसर कुटून घातले. मुख्य आंबणं उरकल्यावर आमसुलं पाच दिवस ठेवली आणि काढली. साखर जवळजवळ नाहीच, त्यामुळे हायड्रोमीटर जागचा हलला नाही. यीस्टला खायला काही मिळालं नाही. जे घातलं ते सगळं ग्लासात आलं.

नवऱ्याने घोट घेतला. काही बोलला नाही. उठला, फ्रीजमधून काल रात्रीची सुरमई काढली आणि गरम करायला ठेवली.